बांधाबाहेरची गल्ली

ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात नगरपरिषदेची जाहीर सुनावणी होती. नदीकडची गल्ली पाडून तिथे बाग करायचं घाटत होतं. बोलणाऱ्यांच्या रांगेत माझ्यापुढे त्याच गल्लीतली एक म्हातारी आणि तिचा म्हातारा शेजारी उभे होते, ऑर्फा आणि डेल्मर.

“डेल्मर, तुझी होडी अंगणात दिसत नाही ती?”

“पुतण्याला दिली. गुडघे दुखतात गं.”

“आणि नगराध्यक्ष परवा तुझ्या ओसरीवर कॉफी पीत बसला होता, तो काय गुडघे चोळायला?”

“तुझं बरं लक्ष असतं सगळीकडे!”

“ठेवावंच लागतं. एकोणीसशे सदतीसच्या पुरानंतर याच नगरपरिषदेने माझ्या आजोबांना बांधाचं वचन दिलं होतं. बांध झाला, पण आपली गल्ली राहिली बांधाच्या बाहेर. खरं सांग, घर देऊन टाकलंस ना त्यांना?”

“दिलं.”

“वाटलंच मला!”

“मागच्या पुरात नेल्डाला पाठीवर घेऊन माळ्यावर चढलो, ऑर्फा. बायकोला पुन्हा तसं उचलणं नाही जमायचं मला.”

“मग आता इथे कशाला आलास?”

“तुझं घर पाडू नका, एवढं सांगायला.”

“नगराध्यक्षानेच पढवून पाठवलं असेल.”

“नाही गं बाई.”

आतून डेल्मरचं नाव पुकारलं.

“थांब, मीही येते. तू काय बोलतोस, ते मला शेजारी उभं राहून ऐकायचंय.”