जाळीची मेंदी

आणि वर मलाच विचारतात, तुझे तळहात लाल कसे रे? तीन आठवडे झाले, तुम्हाला सांगतो, साबण लावून झाला, राख लावून झाली, लिंबू चोळून झालं, आर्गन तेलाच्या पेंडीने घासून झालं, निघत नाही म्हणजे नाही, आणि बाजारात गेलो की तो कांदेवाला सुट्टे पैसे माझ्या हातावर ठेवता ठेवता थांबतो, तळहाताकडे बघतो आणि म्हणतो, "अभिनंदन हो बिही. आम्हाला कळवलं नाहीत." काय कळवणार? मलाच कुणी कळवलं नव्हतं.

सांगितलं होतं मी. जाळीला हात लावू नका, एवढंच सांगितलं होतं. जमिनीकडे बघून सांगितलं, पण सांगितलं होतं.

आता मी मुळात बोलणारा माणूस नाही. शाळा चौथीत सोडली, ती काही अभ्यासाला घाबरून नाही, मास्तर उभं करून विचारायचे म्हणून. बकऱ्या बऱ्या, त्या काही विचारत नाहीत. पण जाळीचं विचाराल तर मला कळतं, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो, कारण या डोंगरावर जाळीचं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. सहा जाळ्या आहेत वर, मीच त्या सांभाळतो, खांबांना ताणून बांधलेल्या, समुद्राकडे तोंड करून. धुकं येतं, जाळीला थेंब धरतो, थेंब खाली पन्हळीत, पन्हळीतून पाइपात, पाइपातून टाकीत. टाकीतून खालच्या गावाला नळ. आमच्या तागान्तला नाही. आम्ही डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, चाळीस घरं, आणि आम्हाला काय, तर विहीर. जाऊन येऊन तीन तास. माझी आई गुडघा धरत गाढविणीमागून जाते. दरवर्षी विहिरीचं पाणी खाली जातं आणि दरवर्षी दोराला एक तुकडा जोडावा लागतो, आणि मागच्या उन्हाळ्यात घरातले सगळे तुकडे संपले तेव्हा आईने माझ्या बापाचा फेटा काढला आणि जोडला. गाठ दोनदा बघितली.

तर तागान्तलाही पाइप मिळावा म्हणून जाळ्या लावणाऱ्या संस्थेचा इंजिनियर येणार होता, सी मुख्तार म्हणून, सी म्हणजे आमच्याकडे साहेब, गुरुवारी. टाकीत किती पाणी आहे, कसं आहे, ते बघणार आणि ठरवणार, तागान्तला पाइप घालायचा की नाही. आणि त्याआधी सहा दिवस धुक्याचा पत्ता नाही. पूर्वेचा वारा, कोरडा ठणठणीत, जाळ्या अशा खडखडीत की त्यांवर जव वाळवावेत. टाकीत वीतभर पाणी. सगळी वस्ती माझ्याकडे बघायला लागली, जणू धुकं मी गोठ्यात बांधून ठेवलंय.

मी काळजी करत नव्हतो. खोटं नाही सांगत. सोमवारी पहाटे खांबाला हात लावला, खांब गार लागला पण कोरडा, म्हणजे अजून दोन दिवस, म्हणजे बुधवारी संध्याकाळी येणार. झालं. सोपं आहे. पण हे लोकांना सांगायचं कसं? सांगितलं मी. लल्ला इज्जाच्या दारात उभा राहून सांगितलं, "बुधवारी येईल, आणि जाळीला हात लावू नका," कारण ती आदल्या दिवशी जाळीकडे फार विचारात पडून बघत होती.

लल्ला इज्जा म्हणजे आमच्या तागान्तची सगळ्यात वडील बाई. आमच्याकडे मानाने एकदा लल्ला म्हणतात, तिच्यासमोर माणूस दोनदा म्हणून जातो. पहिल्यापासून तिचं माझ्या पाण्याशी वाकडं. "मातीला न शिवलेलं पाणी ते कसलं पाणी? चहा केला तर पुदिना रुसतो." आणि तिची नात कल्तूम मागे उभी राहून हसते. कल्तूमशी मी आजवर दोन वाक्यं बोललोय, त्यातलं एक, "सरक, गाढव येतंय."

त्या दिवशीही कल्तूम मागे होती, म्हणून मी जमिनीकडे बघत होतो. लल्ला इज्जा म्हणाली, "काय पुटपुटतोस रे? माझ्या उंबऱ्याशी बोलतोस का माझ्याशी?" आणि आत गेली. पण मी सांगितलं होतं.

आता आमच्याकडे पाऊस पडेनासा झाला की बायका काय करतात, लाकडी पळी घेतात, तिला नवरीचे कपडे घालतात आणि घरोघर मिरवतात. दारात आली की तिच्यावर पाणी शिंपडायचं. माझी आई करायची, तिची आई करायची, मला त्याबद्दल काहीच म्हणायचं नाही. पण बुधवारी सकाळी लल्ला इज्जाने सगळ्या बायकांना अंगणात बसवलं आणि म्हणाली, हे मला नंतर आईने सांगितलं, "पळी पावसाला चालते. आपल्याला पाऊस हवाय का? आपल्याला हवंय धुकं. धुकं पळीत येतं का? जाळीत येतं. मग नवरी कोण?"

यात चूक काढून दाखवा. मी तीन आठवडे शोधतोय, मला सापडत नाही.

मी त्या वेळी कुठे होतो? खाली टाकीपाशी, पाइपाचा एक सांधा गळत होता तो बसवत होतो, नाकावर घाम, तोंडात खिळा. आणि पलीकडच्या वाटेने चाळीस घरांतल्या बायका वर चढत होत्या, शाली घेऊन, रुमाल घेऊन, लाल लोकरीचे पट्टे घेऊन, आणि घरटी एक वाडगा मेंदी. भिजवलेली. लवंगेचं पाणी घालून.

पहिली जाळी म्हणजे नवरी. तिला डोक्यावरून लल्ला इज्जाची स्वतःच्या लग्नातली शाल. कमरेला कल्तूमचा लाल पट्टा. इथवर ठीक आहे. पण नवरी म्हटली की मेंदी आली, आणि मेंदी म्हटली की हात आणि पाय आले. हात म्हणजे खांब. मग पाय म्हणजे काय? "पाय म्हणजे खालचं ते," लल्ला इज्जा म्हणाली. खालचं ते म्हणजे पन्हळ. सगळ्या पाण्याची वाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर जाड लिंपली, शेणाने अंगण सारवतात तशी. आणि मग कुणीतरी म्हणालं, एकटीच नवरी कशी, करवल्या नकोत? दुसरी जाळी लिंपली, तिसरी लिंपली, चौथी लिंपली. चौथीला वाडगे संपले. देवाची कृपा, तागान्तमध्ये पन्नास घरं नाहीत.

आणि संध्याकाळी धुकं आलं. बुधवारीच आलं. मी सांगितलं होतं त्याच दिवशी, त्याच वेळेला, समुद्रावरून असं उठलं की आमची गाढवीण दिसेनाशी झाली आणि नुसते कान राहिले. मी दारात उभा राहून ओलं तोंड पुसलं आणि आईला म्हणालो, "बघ." मी फार क्वचित असा बोलतो. आई माझ्याकडे बघून नुसती गोड हसली. मला वाटलं, लेकाचा अभिमान वाटला. तिच्या नखांकडे मी बघितलंच नाही.

गुरुवारी सकाळी सी मुख्तार आला, जीपमधून, सोबत ड्रायव्हर. टाकीपाशी सगळी वस्ती जमलेली. टाकी काठोकाठ, वरच्या भोकातून पाणी बाहेर वाहतंय. धुक्यामुळे ते नुसतं ऐकू येत होतं, दिसत नव्हतं. सी मुख्तारने वहीत लिहिलं आणि मान डोलावली. मी आतून असा फुललो होतो की विचारू नका. मग त्याने स्वच्छ काचेचा पेला काढला, नळाखाली धरला आणि चावी फिरवली.

लाल. विटकरी लाल. लवंगेचा वास.

ड्रायव्हर म्हणाला, "गंज असेल." सी मुख्तारने वास घेतला. "गंजाला लवंगेचा वास येत नाही." माझ्या पायाखालची जमीन गेली, आणि मला तर बघायला तीच लागते. मला पेला दिसत नव्हता, मला तो फेटा दिसत होता, विहिरीच्या काठावर घासला जाणारा. इतक्यात मागून लल्ला इज्जाचा आवाज, शांत, समाधानी. "आता आली चव."

सी मुख्तार वळला. "यात काय घातलंय?"

"काही घातलं नाही. नवरीचे पाय धुतले गेले."

"कुणाचे पाय?"

आणि ती त्याला सगळं सांगायला लागली, पळीपासून. इंजिनियर माणूस, शहरातला, त्याची पापणी हलत नव्हती. त्याने पेला ओतला, वही मिटली आणि म्हणाला, "हे पाणी मी पास करू शकत नाही. चला."

मग मी बोललो. कसा बोललो, देवाला माहीत. वर बघून बोललो, सरळ त्याच्या चष्म्याकडे. म्हणालो, "पाण्यात खोट नाही, साहेब. पन्हळीत आहे. वर चला, अर्धा तास लागेल, पाचवी जाळी दाखवतो." आई म्हणते, तिला आधी कळलंच नाही कोण बोलतंय, तिला वाटलं ड्रायव्हर.

वर गेलो. धुक्यातून पहिली जाळी दिसली आणि मी पहिल्यांदा बघितली, शाल पांघरलेली, कमरेला पट्टा, सगळी थेंबांनी भरलेली. सांगायला नको, पण छान दिसत होती. मी पाचवीपाशी गेलो, सी मुख्तारचा पेला घेतला, जाळीखाली धरला. टप. टप. टप. काचेसारखं. तिथेच तीन दगड मांडून, माझी किटली तिथे असतेच, त्याच पाण्याचा चहा केला, साखर भरपूर घातली, उंचावरून फेस काढून ओतला. त्याने एक घोट घेतला, दुसरा घेतला, मग पेला पुन्हा पुढे केला. तोवर मी पहिल्या चार पन्हळी घासायला घेतल्या होत्या, उघड्या हातांनी, कारण घासणी खाली राहिली होती. चार पन्हळी. दोन तास. ओली मेंदी.

सी मुख्तार म्हणाला, "ठीक आहे. टाकी रिकामी करून धुवा. पाइप मंजूर. पण या जाळ्यांना एक माणूस जबाबदार पाहिजे, लेखी." कागद काढला. धुक्यात कागद भिजायला लागला, म्हणून आम्ही आडोशाला गेलो, आणि त्या उघड्या डोंगरावर आडोसा एकच होता, पहिल्या जाळीवरची शाल. मी खाली वाकून शालीखाली सही केली. मला सही चांगली येते. मग तो म्हणाला, दोन साक्षीदार हवेत. एक तो स्वतः झाला, एक ड्रायव्हर.

आणि मागून बायका वर पोहोचल्या.

त्यांनी काय बघितलं? तुम्ही त्यांच्या जागी उभे राहा. नवरी नटलेली. मी तिच्या शालीखाली, हात मनगटापर्यंत मेंदीने लाल, नुकती कागदावर सही केलेली, दोन पुरुष साक्षीदार, मध्ये चहा, साखर. लल्ला इज्जाने तोंडाला हात लावून जीभ फिरवत असा लांब ललकार दिला की सगळ्या बायकांनी उचलला, धुक्यात चारी बाजूंनी नुसता ललकार, आणि ड्रायव्हरने माझा हात धरून हलवला आणि म्हणाला, "सुखी राहा."

मी म्हणत होतो, नाही, तसं नाही. जमिनीकडे बघून म्हणत होतो, पण म्हणत होतो.

धुकं कुणामुळे आलं? माझा अंदाज होता, बरोबर बुधवारचा, तो कुणाच्या लक्षात आहे? सगळे म्हणतात, लग्न लागलं म्हणून आलं. पुढच्या वर्षी वाढदिवस करायचाय म्हणे. असो. पाइपाचा चर दर्ग्यापर्यंत आलाय, महिनाभरात नळ लागेल, हे मी खात्रीने सांगतो. आईने तर आत्ताच दोरातून फेटा सोडवला, धुतला, घडी घातली, आणि तोवर शेजारणीचा दोर मागून नेते. म्हणाली, "तुझ्या लग्नात लागेल." कुठल्या लग्नात, ते विचारायचा धीर झाला नाही.

कळलं परवा. परवा ती साखरेचे दोन सुळके घेऊन लल्ला इज्जाकडे गेली, कल्तूमला मागणी घालायला. मी घरी गाढविणीला एकच पेंढी तीनदा घातली. आई परत आली तर हातात एक सुळका. दोन्ही ठेवले असते तर होकार, दोन्ही परत आले असते तर नकार, एकाचं काय करायचं?

"मुलगी नाही म्हणत नाही," आई म्हणाली. "हसते. पण लल्ला इज्जा म्हणते, सवतीवर द्यायची तर पहिलीची संमती आणा. कायदाच आहे."

काल सकाळी वर गेलो. पहिल्या जाळीसमोर उभा राहिलो. आसपास कुणी नव्हतं, तरी दोनदा बघून घेतलं. आणि विचारलं. जमिनीकडे बघून विचारलं, पण विचारलं. ती काही बोलली नाही. आणि आमच्याकडे रीतच आहे, नवरीला विचारायचं, ती गप्प राहिली की होकार धरायचा. मी धावत खाली आलो, लल्ला इज्जाला सांगितलं, गप्प राहिली.

लल्ला इज्जाने चहा ओतला, धुक्याच्या पाण्याचा, हल्ली तोच पिते. म्हणाली, "ते नवरीचं रे. गप्प राहिलेली बायको म्हणजे काय, ते कुणाही लग्न झालेल्या माणसाला विचार."

आता कुणाला विचारू? अख्ख्या तागान्तच्या मते तो माणूस मीच की.