सरांचा डावा पाय

...आणि गाडी गॅरेजात चौथ्यांदा परत आली, तुम्हाला सांगतो, चौथ्यांदा! तीच लाल मोटरसायकल, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, तेच सर आणि तेच वाक्य, "गिअर आपोआप उतरतो!" अहो, गिअर म्हणजे काय मांजर आहे, मनात आलं की कपाटावरून उतरायला? पण हे बोलायचं कुणी? मी? मी गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायच्या आधी मनात तीनदा म्हणून बघतो! शाळा आठवीत सोडली ती गणित जमत नव्हतं म्हणून नाही, उभं राहून उत्तर द्यावं लागायचं म्हणून! यंत्राचं कसं, ते बोलतं, आपण ऐकतो, मान हलवतो. बरं चाललं होतं हो माझं...

आणि सर म्हणजे साधेसुधे सर नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलचे सर! एकतीस वर्षं! आसपास जो कुणी गाडी हाकतो तो त्यांच्या शिव्या खाऊनच शिकलाय. आमचे गॅरेजमालकसुद्धा! आता अशा माणसाने सांगितलं की गिअर आपोआप उतरतो, तर तो उतरतोच, नाही का? विषय संपला!

म्हणून पहिल्या वेळी क्लचची वायर बदलली. दुसऱ्या वेळी ऑइल आणि क्लचप्लेटा. तिसऱ्या वेळी अख्खं इंजिन उतरवलं, गिअरची एकेक चकती पेपरावर मांडून दातन्‌दात तपासला, एकही झिजलेला नाही! म्हातारीच्या तोंडात बत्तिशी शाबूत! मी चालवली, काही नाही. मालकांनी चालवली, काही नाही. शेजारचा शिंपी दूध आणायला घेऊन गेला, दूध घेऊन आला, थेंब सांडला नाही! आणि सर कोपऱ्यापर्यंत गेले, तर पाच मिनिटांत गाडी ढकलत परत, "गिअर आपोआप उतरतो! तुम्ही पोरं काय झोपा काढता?"

मालकांनी मला बाजूला घेतलं. आवाज एकदम गोड. मालकांचा आवाज गोड झाला की समजायचं, काही खरं नाही. "हे बघ बाळा, ही गाडी पाचव्यांदा आली ना, तर गाडी इथे राहील आणि तू घरी जाशील. कळलं?" कळलं! का नाही कळणार?

मग काय करता? सरांच्या मागे बसलो. म्हटलं, चालवा सर, मी बघतो. एक हात सीटच्या दांड्याला, मान सरांच्या खांद्यावरून खाली लोंबकळलेली आणि डोळे त्यांच्या डाव्या पायावर. त्या गाडीला पंजाने दाबलं की गिअर उतरतो, उचललं की चढतो, एवढं ध्यानात ठेवा. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा... लोण्यासारखे! तेवढ्यात पुढच्या कारवाल्या बाई हात नाही, दिवा नाही, सरळ वळल्याच की! सर ओरडले, "अगं, इंडिकेटर काय शोभेला लावलाय?" आणि डावा पाय... धप्प! चौथ्याचा तिसरा! पुढे टेम्पो. "अंतर ठेव, अंतर!" धप्प! तिसऱ्याचा दुसरा, गाडीने असा हिसका दिला की माझं नाक सरांच्या हेल्मेटवर! आणि सर विजयी मुद्रेने मागे वळून, "बघितलंस? आपोआप!"

बघितलं हो! सगळं बघितलं! शिकवायच्या कारमध्ये सरांच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतो ना? पोरगं चुकलं की उजव्या पायाने ब्रेक, डाव्याने क्लच. एकतीस वर्षं! आता रस्त्यावर कुणीही चुकलं की सरांचा पाय क्लच दाबतो आणि इथे त्या पायाखाली असतो गिअर!

पण सांगायचं कसं? आठवी सोडलेल्या पोराने ड्रायव्हिंगच्या सरांना सांगायचं की तुम्हाला गिअर टाकता येत नाही? मी मालकांकडे धावलो, म्हटलं, तुम्ही सांगा. मालक पांढरे पडले. "मी? अरे, त्यांनी मला तीनदा नापास केलंय!"

झालं. हातातला पाना घट्ट धरला. "सर... दोष गिअरमध्ये नाही. पायात आहे."

"कुणाच्या?"

"डाव्या."

"मी कुणाच्या विचारतोय."

"तुमच्या, सर."

अहो, शिंप्याचं मशीनसुद्धा थांबलं! मला काय झालं कोण जाणे, मी मालकांना स्टुलावर बसवलं, सरांना त्यांच्या डावीकडच्या स्टुलावर आणि म्हटलं, मालक, चालवा कार. मालकांनी हवेत स्टिअरिंग धरलं, तोंडाने घुर्रर्र केलं आणि घाबरून सिग्नल न देताच उजवीकडे वळले. सर गरजले, "आरसा बघ, गाढवा!" आणि फरशीवर... धप्प!

सर आपल्या पायाकडे बघत राहिले, जणू कुणी परका तिथे ठेवून गेलाय. "पुन्हा वळ." मालक वळले. धप्प! "पुन्हा!" धप्प! आणि सर जे हसायला लागले, जे हसायला लागले, मालक घाबरून हवेतलं स्टिअरिंग सोडेनात!

मी गिअरचा दांडा काढून दोन दाते वर बसवून दिला, म्हणजे सरांचा पाय एरवी त्याच्या खालीच राहतो. आता तो पाय हवेतच पडतो, दाबू दे बिचाऱ्याला. गाडी गेली, परत आली नाही, नोकरी राहिली. संपलं ना? नाही हो! मालक म्हणाले, "तुला सांगता येतं रे! आजपासून चूक गिऱ्हाइकाची असली की तू सांगायचं." मी! त्या काकांना, की ब्रेक खराब नाही, तुम्ही त्यावरून पाय उचलतच नाही. त्या ताईंना, की गाडी बंद पडत नाही, तुम्ही पेट्रोलच भरत नाही. रोज दोन-तीन! रोज घाम!

आणि काल मालकांच्या बायकोने बोलावलं. चहा दिला, वर बिस्किटंही. तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाल्या, "आमचे हे, रात्री पंखा घरघरतो म्हणून तो दोनदा खोलून बसलेत. पंख्याला काही झालेलं नाही रे. तो आवाज यांच्या घोरण्याचा आहे. मला मेलीला बोलवत नाही... तू सांगशील?"

बिस्किट तोंडात होतं हो. नाही कसं म्हणणार?