दयानंदच्या राजीनाम्याचं खरं कारण

...आणि माणसानं राजीनामा दिला तर एवढं काय आभाळ कोसळतं, मला सांगा? पण आमच्या शेजारच्या दयानंदनं दिला आणि इथं आखातातली आमची अख्खी अल् घुब्रा वस्ती त्याच्याकडे असं बघायला लागली, जणू हा गल्ला घेऊन पळालाय. तुम्हाला सांगतो, माणूस सरळ. देवरुखचा. इथल्याच कुरुम भागात मधाच्या दुकानात सहा वर्षं काउंटरवर उभा. डोंगरातला मध, महागातला, बरणीवर डोंगराचं चित्र, आणि हा गिऱ्हाइकाला शपथेवर सांगणार, अस्सल आहे म्हणून. मग एका सकाळी मागच्या खोलीत जातो तर काय, कुठल्या तरी परदेशी मधाचं पिंप उघडलेलं आणि त्यातला पातळ मध त्याच डोंगराच्या बरण्यांत ओतणं चाललंय. बरं, तरी गप्प बसला असता... पण दुपारी एक बाई खोकणाऱ्या पोराला घेऊन आली, "पहाडवाला ही है ना, भैया?" म्हणाली, आणि यानं हातातली बरणी परत फळीवर ठेवली. कसाबसा म्हणाला, "आज मत लीजिए." संध्याकाळी राजीनामा.

अर्बाबनं, म्हणजे त्याच्या मालकानं, विचारलं, "कुठल्या दुकानानं फोडलं तुला?" दयानंद म्हणाला, "कुणीच नाही. खोटं सांगून विकणं मला जमायचं नाही." मालकानं उठून दार लावलं, आवाज खाली आणला. "खलास, पुरे, ते सगळं ठीक आहे. पण खरं कारण काय?"

घरी आला. जयवंतीवहिनी पोळ्या लाटत होत्या, लाटणं थांबलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग व्हिसा, घरभाडं, लेकीची दहावी असं एकेक त्याच्यापुढे मांडलं आणि त्याच्या मोबाइलकडे बघत म्हणाल्या, "बरं. आता खरं कारण सांगा." लेक आकांक्षा, तिचं मराठी अडखळत चालतं, पण संशय अगदी अस्खलित. "पप्पा, ते लोकांनी तुम्हाला काढला ना? इट्स ओके." खालच्या मजल्यावरचा अहमद, दापोलीचा, जिवाभावाचा माणूस, त्यानं तर याला गाडीत बसवून काचा वर केल्या. "आपण दोघं कोकणातले. स्वतःचं दुकान काढतोयस ना? मला पार्टनर घे. नाही म्हणतोस? मग खरं कारण काय?"

तीन आठवडे हे असं चाललं तर माणसाचं काय होणार? दाढी करताना आरशातल्या स्वतःलाच विचारायला लागला... मधासाठीच सोडली ना रे? की सहा वर्षं उभं राहून पाय दुखायला लागले होते? आणि तुम्हाला सांगतो, त्याला छातीठोक सांगता येईना.

शेवटी इब्रा गावाहून नोकरीसाठी बोलावणं आलं. तिथल्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, खजुराचं दुकान, हमझा नावाचा म्हातारा मालक. दोन तासांच्या रस्त्यात दयानंदनं चांगलं भक्कम खोटं पाठ केलं, पगार पटला नाही म्हणून सोडली, कुणीही मानेल असं. पण म्हाताऱ्यानं कहवा ओतला, "का सोडलीस?" म्हणाला, आणि याच्या तोंडून भडाभडा खरंच बाहेर पडलं. पिंप, ती बाई, पोराचा खोकला, सगळं.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "बरोबर केलंस. रविवारपासून ये."

बस, एवढंच. आणि दयानंदला शंका आली. इतक्या पटकन विश्वास ठेवतो, म्हणजे याच्या मागच्या खोलीत काय असेल? खजूर बघतो म्हणाला, खोकं उघडलं, वरचा बघितला, तळाचा काढून हुंगला. दोन्ही सारखे. मग तर जास्तच शंका. शेवटी राहवेना, तेव्हा विचारलंच, "अर्बाब, मला ठेवून घेण्याचं खरं कारण काय?"

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला.

"खरं सांगू? एवढ्या लांब, एवढ्या पगारात, दुसरं कुणी यायलाच तयार नाही."

तेव्हा कुठे दयानंदचा जीव भांड्यात पडला. रविवारी बॅग भरून गेला. पगार कमी, गाव लांब... पण कारण तरी पटण्यासारखं होतं.