चार बार माजं

माजा जल्म जत तालुक्यातला, धनगराच्या घरातला, आन तिकडं काय हाय म्हनाल तर दगूड हाय, बाबळी हायत्या, पानी तेवढं न्हाई. म्हनून मेंढरं घिऊन आमी कृष्णाकाठाला उतरायचो. मला मिसरूड फुटल्यालं तवाची गोष्ट, कराडात एक वरात चाललीवती आन म्होरं एक मानूस सॅक्सोफोन वाजवत हुता. पितळंचं वाकडं धूड, आन आवाज कसा, मानसानं रडावं तसा. थोरला भाऊ म्हनला चल रं, मी काय हललो न्हाई. मेंढरं गेली भावाकडं आन मी शिरलो सांगलीतल्या एका बँडात.

काय सांगू तुमाला ताई, पंचवीस वर्सं वराती वाजवल्या. सकाळी गानं ऐकलं की सांजच्याला वाजवनार, सूर इकडचा तिकडं न्हाई. लोक म्हनायची, बिरू वाजवतोय का कॅसेट लागलीया? तीच माजी अब्रू. त्या तोऱ्यात मी लय वर्सं काढली, खोटं कशाला बोलू.

मग एकदा महाबळेश्वराला लगीन हुतं, थंडीचं दिवस, स्ट्रॉबेरीचं. वरात संपली, आमाला हाटेलाच्या मागल्या अंगाला जेवाय बसवलं, आन आतनं सॅक्सो ऐकू आला. ताट तसंच ठिऊन दारात जाऊन उभा ऱ्हायलो. एक म्हातारा वाजवत हुता, पांढरा शर्ट, डोळं मिटल्यालं, संगतीला एक ढोलवाला. दाविद मास्तर. मिरजेचं ख्रिस्ती, मिलिटरीच्या बँडातनं रिटायर झाल्यालं, सीझनला तितं वाजवायचं. एकच गानं तेनी तीन डाव वाजवलं. पयल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा त्येच, पन आतनं येगळंच कायतरी निगालं. आन तिसऱ्यांदा तर, आवं, काटा आला बगा अंगावर, गानं कुटं दिसंना, पन हाय तर त्येच! मी मदी तोंड घालून इचारलं, मास्तर, ह्ये पाठ किती दिसात झालं? ते म्हनलं, पाठ न्हाई. आत्ताच सुचलं. ह्याला जॅझ म्हनत्यात.

आत्ता सुचलं! मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय.

मास्तर म्हनलं, तुजं वाद्य आन, हितं उभा ऱ्हा, आमी वाजवतो, मी खूण केली की चार बार तुजं. आता आमच्याकडं बार म्हंजे काय, तुमीच सांगा. खूण झाली, मी खिशातनं चंची काढली, तंबाकू मळली, चुना लावला, आन भरला बार गालात. मनात म्हनलं, मानूस मायाळू हाय, पन चार एकदम कसं भरायचं? ढोलवाला हसून हसून खाली वाकला. मास्तर काय हसलं न्हाईत. तेनी सांगितलं, गड्या, बार म्हंजे मोजल्याली जागा. चार ठोक्यांचा एक बार. चार बारात सोळा ठोकं, तेवढी जागा तुजी, त्यात काय बोलायचं ते बोल.

मी तंबाकू थुकून आलो आन वाजवलं. एका शिनिमातल्या गान्याचा तुकडा, लय घोटल्याला. ते म्हनलं, ह्ये लोकांचं हाय. तुजं वाजव. मी तोंडाला नळी लावली आन थांबलो. सोळा ठोकं गेलं. परत खूण, परत सोळा गेलं. ताई, त्या दिशी कळलं, पंचवीस वर्सं फुकतोय आन माजं म्हनून आत कायबी न्हाई. परत येताना जीपमदी बँडातली समदी गात हुती, मी खिडकीकडं तोंड करून बसलो. एकच किडा डोक्यात शिरला. आपल्या आत काय हाय का मोकळंच हाय, ह्ये बगितल्याबिगर मरायचं न्हाई.

सीझन सरल्यावर मिरजेला गेलो, पायावर डोकं ठेवलं. मास्तर म्हनलं, डोकं नगं, रोज सकाळी दोन तास दे. सांगलीला कृष्णेच्या घाटावर बसाय लागलो. आदी एकच सूर, श्वास सरंस्तवर. मग तीनच सूर घ्यायचं, चवथ्याला शिवायचं न्हाई, आन त्या तिनातच अर्धा तास बोलायचं. मग एक बारीक तुकडा तोंडानं म्हनायचा, मगच वाजवायचा, तोंडाला येत न्हाई ते बोटाला कुटनं येनार? तोच तुकडा बाराच्या बारा सुरांवरनं. आन शेवटी पायानं ठेका धरून चार बार गप बसायचं. त्येच्याइतकं अवघड कायबी न्हाई, वाजवनाऱ्याला गप बसनं. ते तोंडानं म्हनायचं घरात केलं तर मंडळी म्हनायची, आवं, पोटात कळ आलीया का, काय कन्हताय? ती हळदीच्या पेठंत कामाला. तिनंच एकदा सांगितलं, काल तीन सुरातला शेवटचा लांबवला तो ब्येस लागला. म्हंजे ऐकत हुती की!

दोन वर्सं झाली, तिसरं लागलं. सीझनात मास्तरनी महाबळेश्वराला बोलावलं. खूण झाली, चार बार. मी डोळं मिटलं.

आता ह्ये कसं सांगू. बोटं माजी, फुक माजी, पन म्होरला सूर वाजंस्तवर मलाच ठावं न्हाई कुठला येतोय, आन आला की वाटायचं, ह्योच यायचा हुता. चार संपलं. आता मास्तरची पाळी, पन ते शिरलंच न्हाईत, हातानं खुनावलं, चल. आनी चार. आनी चार. डोळं उगडलं तर तेनी सॅक्सो मांडीवर ठेवल्याला आन माज्याकडं बगत हुतं, धाकटा थोरल्याकडं बगतो तसं. म्होरल्या टेबलावरच्या बाईनं नंतर इचारलं, कुठलं गानं हो? मला म्हाईत न्हाई म्हनलं, आन मागं जाऊन पोटभर रडलो.

दुसऱ्या सकाळी सांगलीला पोचलो ते तडक घाटावर. कालचं ते परत वाजवाय गेलो, येईना. दोन सूर आठवायचं, तिसरा निसटायचा. कुनी फोनवरबी धरून ठेवल्यालं न्हवतं. मास्तरना फोन लावला, म्हनलं मास्तर, गेलं की वं! ते हसलं. म्हनलं, रं येड्या, ते जातंच. माजं समदं गेलंय.

आता वरीस व्हत आलं, तसं परत आलं न्हाई. बारकं कायबाय येतं. वराती हायतच, हुबेहूब गानी हायतच, पोट त्येच्यावर चालतं. रोज सकाळी दोन तास बसतो, आन आलं न्हाई तरी आता राग येत न्हाई. द्येव करो आन ज्याला त्याला त्याचं त्याचं एकदा तरी ऐकू येवो. मला आलंय. मी आतनं मोकळा न्हवतो, ताई.