संत्र्याची साल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाचे प्रमुख साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, टीव्हीवाल्या मॅडम, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सगळ्यांच्या लाडक्या डॉक्टरबाई, आणि समोर बसलेल्या सिस्टर, मावश्या, मामा आणि माझ्या बंधू-भगिनींनो,

मला भाषणाची सवय नाही. माझी शाळा सातवीतच आटोपली. एका जागी बूड टेकत नाही म्हणून मास्तरांनी सोडलं आणि मीही सोडलं. आता लांब परदेशात, बोटी दुरुस्त करायच्या गोदीत वेल्डिंग करतो. तिथे बोलणं म्हणजे ओरडणं. तेव्हा आवाज चढला तर रागाने चढला असं समजू नका. निदान सुरुवातीला तरी.

डॉक्टरबाईंबद्दल इथे सगळे भरभरून बोलले. मी काय वेगळं सांगणार? मी फक्त माझ्या आईबद्दल बोलतो. ती याच इमारतीत, वरच्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर होती. साखरेचा आजार, त्यात पायाला जखम. ऑपरेशन बाईंनी केलं आणि झकास केलं, खोटं कशाला बोलू? बाईंचा एक नियम होता. त्यांनी बांधलेली पट्टी त्यांच्याशिवाय कुणी सोडायची नाही. नियम चांगलाच. फक्त त्याच दिवसांत बाईंची टीव्हीवरच्या केकच्या स्पर्धेत निवड झाली.

बाई करत होत्या बिनसाखरेचा केक. साखरेच्या आजाऱ्यांना खाता यावा म्हणून. विचार केवढा मोठा! सकाळी राउंडला येताना हातात डबा. आधी चव, मग तपासणी. आई फोनवर सांगायची, "अरे, छान म्हटलं की बाई खूश होते आणि पाय नीट बघते. मी घास तोंडात असतानाच म्हणून टाकते, छान झालाय, डॉक्टर. आता पाय बघता?" आम्ही दोघं हसायचो.

एके सकाळी मात्र घास घशाला चिकटला आणि तिच्या तोंडून खरं निघालं. "मधे कच्चा राहिलाय हो."

बाईंचे डोळे चमकले. "आजी! एवढ्या जणांनी चाखला, खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्या!" आणि डबा घेऊन तशाच गेल्या. पाय राहिला. आईला त्याचं काही नाही, ती रागावली भलत्याच गोष्टीवर. "आजी म्हणते मला! माझ्या पोराचं लग्न व्हायचंय अजून."

त्या दिवसापासून आई झाली बाईंची खास परीक्षक. छान म्हटलं की बाई रुसायच्या, "आज खोट का काढत नाही, आजी?" खोट काढली की तडक घरी, ओव्हनकडे. सांगा मंडळी, खाटेवर पडलेल्या माणसाने करायचं काय? टीव्हीवर भांडायला जायचं?

फायनलला निघायच्या सकाळी बाई खाटेशी वाकल्या आणि त्यांनी नाक मुरडलं. "कसला तरी वास येतोय. आंबूस."

आई म्हणाली, "मलाही येतोय, कालपासून."

शेजारच्या खाटेवरच्या काकू ओरडल्या, "अहो, पट्टी सोडून बघा ना!"

"आल्यावर बघते हं, काकू." आणि बाईंनी डब्यात नाक घातलं. "दह्याचा वास हा. मी यात दही घातलंय ना. आता याला मारायचं कशाने?"

आईच्या उशाशी सोललेलं संत्रं होतं. बाईंनी त्याची साल उचलली, नखाने दाबली, हुंगली, आणि आईच्या हातावर टाळी दिली. "आजी, तुम्ही देव आहात!"

त्या काकू आज तिसऱ्या रांगेत बसल्यात, हिरव्या स्वेटरमध्ये. काकू, मी वाढवून सांगतोय का?

ऐकलंत? "कमीच सांगतोयस, बाळा," म्हणतात.

साहेब, घंटी राहू द्या. संपवतोच.

सिस्टरना मी दोष देत नाही. त्यांनी बाईंना फोन लावले. पण स्टुडिओत फोन बंद ठेवावा लागतो. बाई करंडक घेऊन आल्या तेव्हा पट्टी सुटली. मग पाय कापला. पण विष अंगभर गेलं होतं. मी पोचलो तेव्हा खाटेवर दुसरंच कुणी झोपलेलं होतं.

फायनल टीव्हीवर लागली त्यानंतर. गोदीवरच्या खोलीत आम्ही सगळे बघत होतो. परीक्षक म्हणाले, केकमध्ये संत्र्याची साल कशी सुचली? बाई रडल्या. "माझ्या वॉर्डातल्या एका आजीमुळे. तिला या जगात कुणीच नव्हतं. मीच तिची लेक झाले." आणि मोबाइलवर काढलेली आई दाखवली. घास चघळत, हसत.

आमचा मुकादम म्हणाला, "काय गोड म्हातारी आहे रे."

मी म्हणालो, "आई आहे माझी."

"मग जिला कुणी नव्हतं ती कोण?"

मी इथे फोन केला. साहेब फार प्रेमाने बोलले. म्हणाले, या, तुमच्या आईचाच सत्कार आहे. बाई नोकरी सोडून केकचं दुकान काढतायत. दुकानाच्या प्रत्येक खोक्यावर आईचा हसरा चेहरा छापणार. तिकडे तो झाकलेला फोटो दिसतोय ना, त्याचा पडदा मी ओढायचा आणि तुम्ही टाळ्या वाजवायच्या. मुलाने पडदा ओढला म्हणजे मुलाची हरकत नाही. एवढं कळायला मला अख्खा विमानप्रवास लागला.

पडदा मी ओढणार नाही. माझी हरकत आहे. माइकवरून, तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो. तो चेहरा खोक्यावर जाणार नाही.

माझ्यापुढे बशीत केकचा तुकडा ठेवलाय. पाहुणचाराला नाही म्हणू नये, ही आईची शिकवण. थांबा, खातो.

छान झालाय, डॉक्टर. कुठेही कच्चा नाही. सालीचा वासही मस्त.

आता पाय बघता?

बाई, मान वर करा. मी तुमच्याशी बोलतोय.

असो. आयोजकांनी एवढ्या लांबून बोलावलं, बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही खोट राहिली असेल तर सांभाळून घ्या. खोट काढायची सवय मला आईकडून लागली, आणि तिला ती डॉक्टरबाईंनी लावली.