प्लॅन्टवाल्याच्या घरचं पाणी

— नाही नाही, त्या दोन सळ्या बॅगेतच राहू द्या भाऊ, मले माहीत आहे त्यायचा खेळ. पाण्यात बुडवता, वायर लावता, अन् पाणी असं काळं-पिवळं होते का माणसाले वाटते आपण आजवर जिवंत कसे राहिलो. पाहिलं आहे मी. ह्याच खोलीत पाहिलं आहे. बसा तुम्ही तिथं दिवाणावर. उन्हाचे आले, पाणी घ्या आधी. घ्या न. काहून पाहून राहिले पेल्यात असे? लोकायले भेव दाखवता दाखवता तुम्हालेच लागलं का ते? हां. प्या.

हे रुपरावजीचं घर आहे — तुम्हाले गल्लीत कोणी सांगितलं नाही वाटते. फिल्टर प्लॅन्टवाले रुपरावजी. माझे मिस्टर. सगळी नोकरी पाणी साफ करण्यात गेली त्यायची. लग्न झाल्यावर लोकं बायकोले चिखलदऱ्याले नेतेत, ह्यायनं मले प्लॅन्ट दाखवाले नेलं. मी नवी साडी नेसून त्या मोठ्या हौदाच्या काठावर उभी, अन् हे सांगून राहिले — हे पेंच धरणाचं पाणी, इथं तुरटी पडते, गाळ खाली बसते, मंग रेतीतून जाते, मंग क्लोरीन. मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार? नवी होती मी. मंग तिथल्याच नळाचा एक पेला भरून देला मले, म्हणे, पी. पिली मी. इतकं खुश त्यायले मी नंतर फक्त पोरगा झाला तेव्हा पाहिलं — अन् तेव्हाबी थोडं कमीच.

तर अशा माणसाच्या घरी तुमची ही पाणी साफ करायची मशीन कशी आली? आली न. आमची सून मयुरा — बँकेत आहे, हुशार आहे, मी तिची बदनामी नाही करून राहिली — तिले पोरगी झाली, रितिका, तेव्हाची गोष्ट. तुमच्यासारखाच एक भाऊ आला, सळ्या बुडवल्या, पाणी काळं झालं. मयुरानं मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं अन् म्हणे, लावून द्या. हे ड्युटीवर होते. संध्याकाळी आले, स्वयंपाकघराच्या भिंतीवर तो निळा लाइट पाहिला. माणूस भांडते तर बरं असते भाऊ. ह्यायनं आपला तांब्या घेतला, अंगणातल्या नळावर भरला, पिले, अन् तांब्या खिडकीत ठेवला. त्या दिवसापासून ते अंगणातलं पाणी पिणार अन् मयुरा मशीनचं. मी? जो देईन त्याचं. दोघंबी माझेच.

मंग त्या उन्हाळ्यात गल्लीत कावीळ आली. पहिले सुमतीची पोरगी — सुमती म्हणजे समोरची, ते निळं फाटक — मंग तिच्या बाजूचे नवरा-बायको, मंग कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. नळाच्या पहिल्या धारेले वास यायचा. कशाचा? नालीचा, आणखी कशाचा. तक्रारी देल्या लोकायनं. एक माणूस आला, पाहून गेला. दुसरा आला, तोबी पाहून गेला. पाहाले काय लागते. हे स्वतः हाफीसात जाऊन आले, पण ह्यायचं खातं वेगळं अन् पाइपवाल्यायचं वेगळं. म्हणे, करतो, होते.

अन् एका सकाळी अर्धी गल्ली आमच्या अंगणात. आता प्लॅन्टवरच्या माणसाचा ह्यात काय दोष, तुम्ही सांगा. काही नाही. पण लोकायले पाण्याच्या नोकरीतला एकच माणूस माहीत होता, तो आमच्या घरचा. ह्यायनं शांतपणे सांगितलं — तिथून निघते तेव्हा पाणी चांगलं असते, इथं पाइपात कुठंतरी नालीचं मिसळून राहिलं. पटून राहिलं होतं भाऊ लोकायले, मी पाहून राहिली होती, माना हलून राहिल्या होत्या. पण सुमती दारापाशी उभी होती, अन् तिथून स्वयंपाकघर दिसते. म्हणे, "रुपरावजी, मंग तुमच्या घरी मशीन काहून आहे?"

सुनेनं लावली, असं म्हणता आलं असतं न? नाही म्हटलं. घरच्या पोरीचं नाव चार लोकायसमोर घेईन तो माणूस? म्हणे, "मयुरा, एक पेला पाणी आण." तिनं आणलं. ह्यायनं तोंडाले लावला, एक घोट घेतला — अन् थांबले. पोरीनं मशीनचं भरून आणलं होतं. काय चुकलं तिचं? आजारी पडतीन म्हणून आणलं. अन् कोणाले समजलं असतं? पेला पाहून पाणी कुठचं ते समजते का? पिऊन टाकलं असतं, लोकं घरी गेले असते, संपलं असतं. हे म्हणे, "हे मशीनचं आहे." सगळ्यायसमोर. पेला हळूच तिच्या हातात परत देला, खिडकीतला तांब्या घेतला, अंगणातल्या नळाखाली धरला, अन् उभ्या-उभ्या सगळा पिले. मंग मिशा पुसल्या अन् लोकायले म्हणे, "तुम्ही उकळून प्या."

सुमती म्हणे, "मंग तुम्ही काहून पिले?"

ह्यायनं चपला घातल्या अन् ड्युटीवर गेले.

माहीत नव्हतं का त्यायले? माहीत होतं. सकाळी मलेच म्हटलं होतं, आज वास जास्त आहे. प्लॅन्टचं पाणी चांगलं आहे हे माहीत होतं, गल्लीचं खराब आहे हेबी माहीत होतं, दोन्ही माहीत असून पिले. मी विचार करतो कधी-कधी, काहून पिले असतीन — सुमतीले उत्तर द्याचं होतं, का मयुराले? का मलेच? जाऊ द्या. महिनाभर काही झालं नाही. मले वाटलं वाचले. अन् एका दिवशी दाढी करता करता म्हणतेत, पाह्य वं, आरशाले डाग पडले का. डाग आरशाले नव्हते. डोळे हळदीसारखे झाले होते.

भरती केलं. डॉक्टर म्हणे, ह्या वयात लिव्हरचं काही सांगता येत नाही. मयुरानं बँकेतून सुट्टी घेतली. मी नाही म्हटलं होतं, उन्मेषनं नाही म्हटलं होतं — उन्मेष आमचा पोरगा — तिनंच घेतली. घरून मशीनची बाटली भरून आणाची, अन् घोट-घोट पाजाची, ओकारी आली का थांबाची, मंग पुन्हा. पहिल्या दिवशी ह्यायनं घोट घेतला अन् डोळे मिटूनच म्हणे, "चव नाही याले." ती म्हणे, "नसू द्या, बाबा." पिले. सगळा पेला पिले. त्या पोरीचा आवाज अगदी बँकेतल्यासारखा. मी बाहेर गेली. मले नर्सले काहीतरी विचाराचं होतं. काय ते आता आठवत नाही.

अन् पाहा, गल्ली कधी खोदली? हे भरती झाले तेव्हा. आपल्याच खात्यातला माणूस पिवळा पडला म्हटल्यावर खोदायची मशीन आली, मजूर आले. नालीच्या पोटात जुन्या लोखंडाच्या पाइपा निघाल्या. नवीन कनेक्शनं देली होती तेव्हा जुन्यायची तोंडं बंद करणं राहून गेलं होतं. सडून चाळणी झाल्या होत्या, नळ गेले का नालीचं पाणी आत ओढाच्या. चार घराच्या होत्या. त्यात एक आमची. सुमतीनंच येऊन सांगितलं दवाखान्यात, सोबत वरण-भाताचा डबा. हे म्हणे, बरं झालं, सापडलं. तिची पोरगीबी सुधरली तोवर. सगळेच सुधरले. हे सगळ्यात उशिरा.

रिटायर झाले मंग. निरोपाच्या कार्यक्रमात प्लॅन्टच्या लोकायनं त्यायले काय देलं असन? शाल, नारळ, अन् पाणी साफ करायची मशीन. हसू नका. ह्यायनं नमस्कार करून घेतली, ऑटोत घालून आणली, दिवाणात ठेवली. तुम्ही तिच्यावरच बसून राहिले. उठू नका, उठू नका, दिवाण मजबूत आहे. — लावून देता? नाही, लावू देणार नाहीत ते. उन्मेषले पुण्याले नोकरी लागली तेव्हा मयुरा म्हणत होती, भिंतीवरची जुनी इथंच ठेवतो. हे म्हणे, लेकरू लहान आहे, घेऊन जा. गेली ती. सगळेच गेले. भिंतीले भोकं होते, कॅलेंडर लावलं.

ती रोज फोन करते. आई, बाबा काय पितेत? मी म्हणतो, काळजी करू नोको. — आता तुम्हालेच सांगतो, तुम्ही काही इथले नाही. मी सकाळी दोन मोठे गंज भरून पाणी गॅसवर उकळतो. हे फिराले जातेत न, तेवढ्यात. थंड करतो अन् माठात टाकतो. त्यायले वाटते नळाचं आहे. — हो, तेच. मीबी तोच विचार केला. ज्या माणसानं एका घोटात ओळखलं होतं, तो आता ओळखत नसन का? ओळखत असतीन. बोलले नाही कधी. परवा फक्त म्हणे, सिलिंडर लवकर संपून राहिलं. म्हटलं, हो. बस.

फाटक वाजलं. तेच आहेत. बॅग उचला. रागावणार नाहीत ते, उलट बसवून घेतीन अन् तुरटीपासून सुरू करतीन. फक्त काविळीचं विचारू नका. विचारलंच, तर सांगतीन का उमरेडले माझ्या भावाच्या पोरीच्या लग्नात मठ्ठा पिले, त्याच्यातल्या बर्फानं झाली. डॉक्टरलेबी तेच सांगितलं होतं. माझा भाऊ रुसला, तेव्हापासून ह्या घरी आला नाही. तुम्ही हो म्हणा. मीबी हो म्हणतो.

— आले का? हे भाऊ रस्ता विचाराले आले होते. निघालेच ते.