थाळी मी वाजवली

पहिली काठी माझ्या पोराची होती, विलासची. तो माणूस दुर्गाच्या आंगणात पाण्याच्या ड्रमापाशी पडला होता, तोंडातून रक्त येऊन राह्यलं होतं, आन् त्याच्याभवती तीस-चाळीस लोकं. कोणाजवळ काठी, कोणाजवळ सळाख, एका बाईच्या हातात तर वरवंटा होता. सगळे हिंदीतच ओरडून राह्यले होते, मारो, यही है, मारो. मी म्हणून राह्यली थांबा रे, हा चोर नोहे, थांबा. कोण ऐकते? मंग म्या काय केलं, त्याच्या अंगावर जाऊन बसली. हौ, बसलीच. सत्तरीची बाई, अंगानं जड, त्याचं डोस्कं लुगड्याखाली घेतलं आन् बसली. म्हटलं, आता मारा. एक काठी वरून येऊनच राह्यली होती, थे माझ्या मनगटावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मले ऐकू आला. थे काठी कोणाची होती मले ठाऊक नाई. पहिली मात्र पाह्यली होती.

आन् त्या सगळ्यायले तेथं बोलावलं कोणं? म्या.

तुमी म्हणता सुरुवातीपासून सांगा, तं सांगतो. माझं नाव शेवंता. माहेर रामपायलीच्या बाजूले, चौथीपर्यंत शाळा झाली, मंग लगीन होऊन बालाघाटले आली. नवरा राईस मिलमध्ये तांदळाचे बोरे उचले, विलास तीन वर्साचा असतानी मेला. मले पोलीस ठाण्यात झाडूचं काम लागलं. तीस वर्सं झाडू मारला, पाणी भरलं, हवालातीतल्या लोकायले चहा पाजला. सारं पाह्यलं. रिपोट लिहाले आलेल्या माणसाले मुंशी म्हणे, कागद घेऊन ये बाहेरून. जीप होती, पण डिझेल नसे, डिझेल असे तं डायवर नसे. आन् जवान आले की नक्षल्यायच्या मागं जंगलाकडे पाठवत, जंगलात ड्यूटी, मंत्री आला की त्याची ड्यूटी, निवडणूक आली की तिची. शहराले उरे कोण? एक मुंशी, एक संतरी आन् मी. म्या मुंशीले म्हटलंही एकदा, साहेब, मले एक डंडा द्या, मीच गस्त घालतो. हासला.

तेथं बसून बसून मले वाटाले लागलं की चोर मले समजते. थेच माझं चुकलं. पण थे मंग सांगतो.

आमचा मोहल्ला शहराच्या काठाले आहे. धानाच्या रोवण्याचे दिवस आले की बाया सकाळीच ऑटोत कोंबून किरनापुराकडे जातात, माणसं मिलवर, घराघराले कुलूप. आन् आमच्याकडे चोरी दिवसाच होते. तीन वर्सं हेच चालू होतं. कोणाचा सिलेंडर गेला, कोणाचे पाणी भराचे पितळेचे गुंड गेले, दुर्गाच्या पोरीच्या लग्नासाठी केलेली पोत गेली. दुर्गा माझ्या बाजूची, पंधरा दिवस रडली. मंग ठाणेदार आला, चांगला माणूस होता, बुद्धविहारापुढं खुर्ची टाकून बसला, म्हणे, माझ्याजवळ माणूस नाई, खोटं कायले बोलू, तुमीच आमचे डोळे, तुमीच आमचे कान. एक सिपाई हप्त्यातून दोनदा पाठवतो म्हणे. तो सिपाई दोनदा आला, मंग जंगलात गेला.

मोहल्ल्यात उरतो आमी मतारे. म्या म्हटलं, आपणच पाहू. शिट्ट्या घ्याले पैसा नाई, थाळी सगळ्यायच्या घरी आहे. चार कोपऱ्यावर चार मताऱ्या बसवल्या, हातात थाळी आन् बेलणं. अनोळखी माणूस दिसला तं तीन ठोके, म्हणजे पाहा कोण आहे. ठोके थांबलेच नाई तं समजा चोर घरात शिरला, हाती लागल थे घेऊन धावा. हा कायदा म्या केला, मी ठाण्याची म्हणून सगळ्यायनं मानला. एक साल चोरी झाली नाई. विलास मिलवर सांगे, आमची माय थानेदारीन आहे. मले बरं वाटे, खोटं कायले बोलू.

त्या दिवशी बारा-एकचा टाइम असल. एक माणूस आला, पाठीवर थैला, हातात लांब दांड्याची पळी आन् टॉर्च. दिवसा टॉर्च! म्या ईचारलं, कोण रे बाबू? म्हणे, सर्वे है अम्मा. कायचा सर्वे? मच्छर का. म्हटलं कार्ड दाखव. म्हणे, कार्ड नहीं मिला अभी, छपके आया नहीं. आता पाहा तुमी. ठाण्यात म्या किती वेळा ऐकलं होतं, चोर पहिले सर्वेवाला बनून येते, मागच्या आंगणात झाकून जाते, मंग दुसऱ्या दिवशी हात मारते. म्या तीन ठोके देल्ले. तो हासला, पुढं गेला. म्या थाळी मांडीवर ठेवून त्याच्यावर नजर ठेवली. दुर्गाच्या दारापाशी थांबला, कुलूप पाह्यलं, डावीकडे पाह्यलं, उजवीकडे पाह्यलं, आन् भित चढून आत उडी मारली.

मंग काय. म्या ठोकत सुटली. बाकीच्या तिघीनं माझं ऐकून ठोकलं. थाळीवर थाळी, साऱ्या मोहल्ल्यात आवाज. त्या दिवशी मिलची लाइन गेलती म्हणून माणसं घरी होते, विलासही होता, जेवत होता. जेवण टाकून धावला.

लोकायनं दाराचं कुलूप तोडलं, विलास पहिला आत शिरला, त्याची काठी म्या दारातूनच पाह्यली. मी आत पोहचेपर्यंत त्याले खाली पाडलं होतं. तो म्हणून राह्यला होता, भैया सुनो, भैया सुनो. कोणीतरी त्याचा थैला उलटा केला. त्यातून पैसा नाई निंघाला, दागिना नाई, एक पांढरी बाटली निंघाली, डासाच्या दवाईची, आन् एक रजिस्टर माझ्या पायाशी येऊन पडलं. म्या उचललं. चौथी शिकली तरी हिंदी वाचता येते, ठाण्यात सारं हिंदीतच असे. वाचलं. घर नंबर, मालिक, कूलर, टंकी, ड्रम. दुर्गाबाई, ताला लगा है. ड्रमच्या खान्यात कोरं. थे कोरं भराले तो भित चढला होता. म्या ओरडली. आन् मंग बसली, थे सांगतलंच.

मनगट मोडल्यावर लोकं जरा मागं सरले, कोणी म्हणे, ए बुड्ढी हट, तू भी खाएगी. काठ्या काही खाली गेल्या नोहत्या. खाली तो माणूस कण्हून राह्यला होता, त्याचा श्वास माझ्या मांडीले लागत होता, कधी लागे, कधी लागे नाई. लागला नाई की मी मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हणो. म्या साबूत हातानं रजिस्टर उघडलं आन् जोरजोरानं वाचाले लागली. गणपत, कूलर, कीड़ा मिला. रामकलीबाई, टंकी, कीड़ा मिला, दवाई डाली. तारीख परवाची, मी तवा रामपायलीले गेलती. थे रामकली तेथंच उभी होती वरवंटा घेऊन. हा तुह्या घरी परवा येऊन गेला ना वं, म्हटलं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाह्यलं, म्हणे, आता ओळखू येते का बाई, तोंडच राह्यलं नाई. वरवंटा पदराखाली घेतला. मी वाचतच गेली. विलास, टंकी, कीड़ा मिला. माझा पोरगा काठी घेऊन समोर उभा, त्याचं नाव म्या त्याच्या तोंडावर वाचलं.

तवा कोठं आवाज बंद झाला. आन् एक-एक करून सगळे घराकडे निंघाले. थे मारण्यापेक्षा वाईट, सांगतो मी तुमाले. पाच मिनिटांत आंगण खाली. मागं राह्यलेल्या दुर्गाच्या भाच्यानं ठाण्यात फोन लावला, तेथून म्हणे, गाडी जंगलात गेली, यायले टाइम लागल, तुमीच दवाखान्यात घेऊन जा. ऑटोवाला हात जोडून म्हणे, बाई, मी नाई, केस लागते. म्या म्हटलं, मेला तं मर्डरची लागल, तुले पसंद कोणती थे सांग. डोक्याच्या बाजूनं दुर्गाच्या भाच्यानं उचललं, पायाच्या बाजूनं विलासनं. कोणी सांगतलं नाई त्याले. ऑटोत तो त्या माणसाले सारखा म्हणे, भैया, आँख खोलो. तो उघडे, मिटे. रस्ता सारा उखडलेला, प्रत्येक गड्ड्याले तो कण्हे, आन् कण्हला की मले हायसं वाटे.

माझ्या हाताले प्लास्टर करून संध्याकाळी मी ठाण्यात गेली. नवीन मुंशी, मले ओळखत नाई. एकटाच बसला होता, डोळे लाल. म्हणे, अम्मा, अज्ञात भीड़नं मारलं असं लिहून देतो, तुमच्या मोहल्ल्याले त्रास नाई, मलेही नाई, जाँच कराले माझ्याजवळ माणूस कोठं आहे? म्या म्हटलं, माणूस नको, मी सांगतो, तू लिही. थाळी कोणं वाजवली? शेवंतानं. पहिली काठी कोणाची? विलासची. त्याच्यानंतर कोण-कोण, मले जेवढे दिसले तेवढे. त्यानं पेन खाली ठेवला. म्हणे, अम्मा, विलास तुमचा कोण? म्हटलं, पोरगा. म्हणे, सोचून घ्या. म्या म्हटलं, सोचाले मले दुपारी टाइम होता, तवा नाई सोचलं.

विलासले जेलात एक महिना काढावा लागला, मंग जमानत झाली. माझंही नाव आहे केसमध्ये, तारखेले आमी दोघं एकाच ऑटोत जातो, तो समोर डायवरपाशी बसते. सून म्हणे, अशी कशी माय तुमी? म्या म्हटलं, अशीच आहो. मोहल्ल्यात पाचजण माझ्याशी बोलत नाई, नळावर मी गेली की बाया गुंड उचलतात. दुर्गा बोलते. आता थाळी बंद आहे. दिवाळीच्या आधी दोन घरं फुटले, लोकायनं मलेच शिव्या देल्ल्या. देवा म्हटलं. ठाण्यात माणूस अजूनही नाई.

त्याचं नाव हेमराज, किरनापूरचा. नागपूरले नेलं होतं त्याले, डोक्याचं ऑपरेशन झालं. डाव्या कानानं ऐकू येत नाई, उन्हात गेला की चक्कर येते, म्हणून थे काम सुटलं. मी दोनदा गेली त्याच्या घरी. पहिल्यांदा त्याच्या बायकोनं दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा तो स्वतः बाहेर आला, खाटेवर बसला, मी खाली बसली. त्यानं मले पाणी देल्लं.

तो जित्ता आहे.